वीस तारखेच्या आत एक झुला

आदरणीय दादांना,

नमस्कार. तो वाकून केला आहे असं समजून घ्यावं (सध्या खरोखरीचं वाकणं जमत नाही, कारण पुढे येईलच). तुमचा गुडघा आता काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला की मुक्कामालाच आहे? आणि जिना चढताना कठड्याला धरून चढता ना? दादा, तुमच्या इमारतीत उत्तम लिफ्ट आहे, मी स्वतः येऊन तपासून गेलो आहे. एकोणीस वर्षांपूर्वी तुम्ही चाळीस मिनिटं एका लिफ्टमध्ये अडकलात, ती लिफ्ट माझ्या देखरेखीखाली होती, हे सगळं मला मान्य आहे. पण म्हणून उरलेल्या आयुष्यभर लिफ्टवर रुसून बसायचं आणि गुडघ्याला शिक्षा द्यायची, हा काय न्याय झाला?

फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो आहे, असं तुमच्या मनात आलं असणार. सांगतो. मला हळू बोलता येत नाही. चौतीस वर्षं मी लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून आठव्या मजल्यावरच्या माणसाशी ओरडून बोललो. आता मी कानात काही सांगायला गेलो तरी शेजारचे वकील खिडकीतून 'बरोबर आहे' म्हणतात. आणि तुमच्या बहिणीचे कान तर विचारूच नका, हृदय सोडलं तर तिचं बाकी सगळं कसं ठणठणीत आहे. (एक खुलासा आत्ताच करून ठेवतो. या पत्रात जिथं ती हट्टाने वागली आहे तिथं मी 'तुमची बहीण' असं लिहीन आणि जिथं शहाण्यासारखी वागली आहे तिथं 'आमची ही'. वाटणी मला न्याय्य वाटते.)

चोवीस तारखेला ऑपरेशन आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. झडप नीट मिटत नाही, ती काढून नवी बसवायची. पण घरात काय चाललंय हे तुम्हाला फोनवर तिने सांगितलेलं नाही, मलाही सांगू दिलेलं नाही. तिला आडवं झोपता येत नाही, दादा. पाठ टेकली की दहा मिनिटांत धाप लागते. गेले तीन महिने ती बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत, पाठीला चार उश्या लावून, बसून झोपते. झोपते कसली, डुलक्या काढते. मी समोरच्या सोफ्यावर. ती रोज म्हणते आत जाऊन पलंगावर झोपा, मी रोज म्हणतो सोफा माझ्या पाठीला मानवतो. (मानवत नाही.)

तर महिन्याच्या सुरुवातीला ती तिच्या वाचनालयातल्या जुन्या सोबतिणीकडे चहाला गेली होती. त्यांच्या अंगणात दोन झाडांना कापडी झुला टांगलेला आहे. ही म्हणाली, पाच मिनिटं बसून बघते. साडेपाचला मला त्या बाईंचा फोन आला, 'घाबरू नका, पण जरा इकडे या.' दादा, 'घाबरू नका' हे ऐकून आजवर कुणी न घाबरता राहिलंय का? मी शर्टाची बटणं लावत धावलो. बघतो तर काय, ही झुल्यात गाढ झोपलेली. तोंड उघडं, एक चप्पल पायात, एक गवतात, आणि चक्क घोरत होती. दोन तास झाले होते आणि उठवावं की नको हे त्या बाईंना कळत नव्हतं. लग्नानंतरची दहा वर्षं मी ज्या घोरण्याबद्दल तुमच्याकडे तक्रारी केल्या, तेच घोरणं तीन महिन्यांनी कानावर पडलं आणि मी परक्या अंगणात उभ्या उभ्या रडलो. डोळ्यात काहीतरी गेलं असं सांगितलं. त्या बाईंनी आयुष्यभर वाचनालयात काढलेलं असल्यामुळे त्या गप्प राहिल्या.

झुल्यात डोकं आणि खांदे आपोआप वर राहतात, म्हणून धाप लागत नाही, एवढं शास्त्र मलाही कळलं. मी लगेच म्हणालो, उद्याच आपल्या अंगणात एक टांगतो. पण तुमची बहीण. ती म्हणाली, 'अंगणात नको. ऑपरेशनच्या आधी एक अख्खी रात्र मला रानात झोपायचंय, झाडांखाली. इतकी वर्षं पुस्तकांत वाचली ती झाडं. मग काय व्हायचं ते होऊ दे.' यातलं शेवटचं वाक्य मला अजिबात आवडलं नाही. मी विषय बदलला, आणि तिनेही दुसऱ्यांदा मागितलं नाही. ती एकदाच मागते, हे तुम्ही तिच्या लहानपणापासून बघितलं आहे.

आम्ही सर्जनबाईंना विचारायला गेलो. खरं तर विचारायला ती गेली होती, मी तपासणीला गेलो होतो. मी विचारलं, अशा किती झडपा बसवल्या आहेत? किती वर्षं टिकते? देखभाल किती महिन्यांनी? बाई मोठ्या समंजस. त्यांनी खणातून नमुन्याची एक झडप काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी नखाने उघडमीट करून बघितली. काम चोख, दादा. खरखर नाही, अडकत नाही, मिटली की मिटली. मी विचारलं, बसवणारा हात कुणाचा? त्या म्हणाल्या, माझा. मी त्यांचा हात बघून घेतला. (नखं बारीक कापलेली. नवीन मेकॅनिक घेताना मी हेच बघायचो.) तुमच्या बहिणीने तोपर्यंत लाजेने पर्समध्ये डोकं खुपसलं होतं. पण परवानगी मिळाली. हॉस्पिटलपासून तासाभराच्या आतली जागा हवी, गोळ्या वेळेवर, ओझं उचलायचं नाही, एकटं सोडायचं नाही, आणि जे काही करायचं ते वीस तारखेच्या आत. त्यानंतर साधी सर्दीसुद्धा मला चालणार नाही, असं बाई म्हणाल्या. हातात तीन आठवडे नव्हतेच, अडीच होते. बाहेर आल्यावर मी छाती पुढे काढून म्हणालो, 'सामानाचं मी बघतो.' इथं आमचं घोडं अडलं.

रानात मुक्काम करणाऱ्यांसाठीचं एक दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. ते चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, बोलायला तुटक. त्यांना मी मनातल्या मनात ग्रॅमबाई हे नाव ठेवलं, कारण त्या कुठलीही वस्तू हातात दिली की आधी तिचं वजन सांगतात. मी म्हणालो, झुला दाखवा. त्यांनी मुठीत मावेल एवढी पिशवी पुढे केली. म्हटलं, पिशवी बघितली, आता झुला दाखवा. म्हणाल्या, तो आतच आहे, चारशे ऐंशी ग्रॅम. दादा, माझ्या हातरुमालाला याहून जाड कापड आहे. मी विचारलं, वजन किती घेतो? म्हणाल्या, एकशे ऐंशी किलो. आता लिफ्टचा दोर आम्ही गरजेच्या बारापट ताकदीचा लावतो. तुमची बहीण अठ्ठावन्न किलोची, तिचे बारापट म्हणजे जवळजवळ सातशे. मी म्हणालो, सातशे किलोचा दाखवा, प्रमाणपत्रासकट, आणि मुख्य दोर तुटला तर धरायला दुसरा दोर कुठे आहे तेही सांगा. ग्रॅमबाईंनी माझ्याकडे शांतपणे बघून विचारलं, 'तुम्ही झोपायला चाललात की पियानो टांगायला?'

पुढे त्यांनी पुष्कळ समजावलं आणि मी पुष्कळ वाद घातला. झाडाला दोर बांधायचा नाही, चार बोटं रुंद पट्टा गुंडाळायचा, नाहीतर साल कापली जाते. वर पावसासाठी ताडपत्री. मच्छरदाणी झुल्यालाच शिवलेली. आणि सगळ्यांत गंमत म्हणजे एक रजई झुल्याच्या खालून, बाहेरच्या बाजूने बांधायची. मी हसलो. रजई पांघरतात हे ऐकलं होतं, तिच्यावर झोपतात हेही बघितलं होतं, पण दोन्ही नाही, नुसती खाली लोंबकळत ठेवायची! ग्रॅमबाई म्हणाल्या, आत घातलेली रजई अंगाखाली चेपते, चेपली की ऊब संपते आणि खालून वारा लागतो. बाहेरची फुगलेली राहते. मी म्हणालो, तुमचं दुकान आहे, तुम्ही असंच म्हणणार. आणि फक्त झुला काखोटीला मारून घरी आलो. बाकीचं सामान मी स्वतः करणार होतो.

पहिला आठवडा त्यात गेला. माळ्यावरच्या पेटीतून पोलादी दोराचे उरलेले तुकडे काढले, दोर अडकवायच्या दोन लोखंडी कड्या, म्हणजे शॅकल, आणि एक टर्नबकल (ते मधोमध पिळलं की दोर ताठ होतो, असं लोखंडी साधन, तुम्ही आमच्याकडे आला होतात तेव्हा तुम्हाला ते पेपरवेट वाटलं होतं). सगळं घासून, तेल लावून, दोन-दोनदा तपासलं. एकूण भरलं एकोणीस किलो. तुमची बहीण खुर्चीतून बघत होती. म्हणाली, 'ओझं उचलायचं नाही असं मला सांगितलंय. हे कोण उचलणार?' मी टर्नबकलला आणखी तेल लावलं. कामात असताना मी उत्तर देत नाही.

दुसऱ्या आठवड्यात चाचणी. आमच्या अंगणात झाड एकच. दुसरं टोक कुठं बांधायचं म्हणून इकडेतिकडे पाहिलं तर शेजारच्या वकिलांच्या फाटकाचा दगडी खांब. भक्कम, बापजाद्यांच्या वेळचा. वकील कोर्टात गेले होते. (खांबाला दोरी बांधायला काय परवानगी घ्यायची? तसं ते रोज आमच्या झाडाला सायकल टेकवतातच.) मी दोर लावला, झुला चढवला आणि टर्नबकल पिळायला लागलो. चौतीस वर्षांचा हात आहे, दोर ढिला दिसला की शिवशिवतो. पिळत गेलो, पिळत गेलो, झुला असा ताठ झाला की वर पाणसळ ठेवली तर बुडबुडा बरोब्बर मधे. टिचकी मारली तर टणत्कार आला. मी अभिमानाने तिला बोलावलं. ती म्हणाली, 'हे इस्त्रीचं टेबल झालं. यात तर मी आडवीच होणार, आडवंच तर झोपता येत नाही.' मी म्हणालो, ते नंतर बघू, आधी सुरक्षा. आमच्या कामातली रीत अशी की दोर नवा घातला की पहिली फेरी बसवणाऱ्याने स्वतः मारायची. म्हणून बूट काढले आणि मी चढलो.

दोर तुटला नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, उद्या तुमच्या कानावर वेगळं काही आलं तर लक्षात असू द्या. शॅकल जागच्या हलल्या नाहीत, झुल्याचा एक धागा उसवला नाही. फक्त खांब आला. अगदी सावकाश, वकील कोर्टात उभे राहतात तसा आधी जरा पुढे झुकला, आणि मग फाटक, टपालपेटी आणि वकिलांची पदव्यांसकट पाटी घेऊन आडवा झाला. मी त्याच्या आधी जमिनीवर पोचलो होतो. आणि नेमकं त्याच वेळी वकील घरी आले. फाटकच नसल्यामुळे ते थेट माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, 'काका, नेमकं काय करत होतात ते तुमच्या शब्दांत सांगा.'

सगळ्यात लाज कशाची वाटली सांगू? हे गणित मला येतं, दादा. परीक्षेत लिहून मी पास झालो आहे. दोर सरळ खाली लोंबत असला तर पंच्याहत्तर किलोचा माणूस पंच्याहत्तर किलोचाच राहतो. पण तोच दोर आडवा ताणला की जितका ताठ तितकी ओढ वाढते. पुरेसा सैल सोडला असता तर खांबाला मी पंच्याहत्तर किलोचाच वाटलो असतो. मी ताणला असा की त्या बिचाऱ्याला मी सव्वाचारशे किलोचा वाटलो. माझे सगळे दोर आयुष्यभर सरळ खाली लोंबले, आडव्या दोराशी माझी कधी गाठच पडली नाही. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. ज्याला दोरातलं काही कळत नाही त्याने तो ढिलाच बांधला असता आणि सुखाने झोपला असता.

मी कपडे झटकून आत आलो आणि म्हणालो, काही काळजी करू नकोस, आता सिमेंटमध्ये दोन लोखंडी खांब उभे करून पुन्हा चाचणी घेतो, आठ दिवसांत होईल. तुमच्या बहिणीने पुस्तक मिटलं. (ती खूण न घालता पुस्तक मिटते तेव्हा समजावं.) ती ओरडली नाही. ओरडायला श्वास लागतो. हळूच म्हणाली, 'आज बारा तारीख आहे. तुम्ही सामान निवडत नाही आहात. तुम्ही वीस तारखेची वाट बघताय, म्हणजे ती उलटून गेली की मला न्यावं लागणार नाही.' मी म्हणालो, काहीतरीच काय! आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलो. तिथं बसल्यावर मान्य केलं की तिचं खरं आहे. तिला रानात नेऊन झोपवायचं आणि तिला काही झालं तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता. स्क्रू आवळत होतो तोवर तो जरा लांब राहायचा. चौतीस वर्षांत माझ्या हाताखालच्या लिफ्टमधलं एक माणूस दगावलं नाही, ही माझी एकुलती एक कमाई. आणि हिच्या छातीत जे बिघडलंय तिथं माझा पाना पोचत नाही. हे मी तुम्हाला लिहितोय, तिला बोललो नाही. बाहेर येऊन एवढंच म्हणालो, 'उद्या दुकानात तूच चल.'

आणि इथून पुढे तिला 'आमची ही' म्हणायची पाळी आली. आमच्या हिने दुकानात वीस मिनिटांत सगळं उरकलं. ग्रॅमबाईंनी तुळईच्या कड्यांना एकेक झुला टांगला आणि ही एकेकात जाऊन झोपली. वजन विचारलं नाही, ताकद विचारली नाही, प्रमाणपत्र विचारलं नाही. डोळे मिटून पडायची, शंभरपर्यंत मोजायची आणि म्हणायची, 'यात लागते,' किंवा 'यात नाही लागत.' धाप. तिची निवड एवढ्या एका प्रश्नावर झाली. मी आणलेला झुला आखूड निघाला. त्यात गुडघे वर येतात आणि पोट दाबलं जातं. तिसरा, लांब आणि रुंद, त्यात ती शंभरच्या पुढे मोजायचं विसरली. ग्रॅमबाईंनी मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं आणि आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांनाही त्यांनी खुणेनेच परत पाठवलं.

मग त्यांनी मला शिकवणी दिली. तर्जनी आडवी धरायची, अंगठा उभा. बोटाच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत जी तिरकी रेघ जाते, तेवढा पट्ट्याचा उतार ठेवायचा. झुला भरपूर सैल सोडायचा आणि त्यात सरळ नाही, जरा तिरकं झोपायचं. माझ्याकडून दहा वेळा बांधून घेतलं. नऊ वेळा मी ताठ बांधला. 'सोडा अजून,' त्या म्हणायच्या, 'अजून सोडा.' (यातून संसाराविषयी काही बोध निघतो असं तुमच्या मनात येत असेल तर तो तुमच्यापाशीच ठेवा. आमच्या हिने तो घरी येताना रिक्षात दोनदा काढला.) रुंद पट्टे घेतले, ताडपत्री घेतली, तिच्यासाठी ती खाली लोंबणारी रजईसुद्धा घेतली. झुल्याच्या रंगावरून थोडं वाजलं. मला नारिंगी हवा होता, शोधायला सोपा. तिला झाडांसारखा हिरवा. हिरवा घेतला. माझ्यासाठी तो पहिला आखूड झुला होताच. खालची रजई मात्र मी घेतली नाही, मला कुठला वारा लागतोय!

शनिवारी आम्ही गेलो. जागा तलावाच्या कडेच्या रानातली. रस्त्यापासून शंभर पावलं, वर चौकीत रखवालदार, आणि हॉस्पिटल एकोणचाळीस मिनिटांवर (मी आदल्या दिवशी दोन वेळा घड्याळ लावून जाऊन आलो. दुसऱ्यांदा रेल्वेचं फाटक बंद होतं, तेव्हा त्रेचाळीस). झाडं मीच निवडली. बुंध्यावर ठोकून आवाज ऐकला, वर वाळकी फांदी नाही ना ते पाहिलं. पट्टे गुंडाळले, बोट-अंगठा धरून उतार मोजला, आणि दादा, हात शिवशिवत असताना सैल सोडला. आधी मी बसून बघितलं. मग ती आत शिरली, जरा तिरकी झाली, वर बघितलं. मी विचारलं, 'लागते का?' ती म्हणाली, 'गप्प बसा, पानं हलतायत.' गोळ्या दिल्या, मच्छरदाणीची चेन ओढली आणि थोड्या वेळाने आतून घोरणं ऐकू आलं.

ती सात तास झोपली. एका दमात. सात, दादा! सकाळी उठली तेव्हा तिच्या गालावर शिवणीचा वळ उठला होता आणि चेहरा असा दिसत होता की मला आमच्या लग्नातला फोटो आठवला (तुम्ही त्यात मान तिरकी करून उभे आहात तो). मीसुद्धा माझ्या झुल्यात शेजारच्या दोन झाडांना टांगून घेऊन मस्त झोपलो. पडल्या पडल्या डोळा लागला तो थेट उजाडल्यावरच उघडला. खालची रजई न घेतल्यामुळे पाठ तेवढी गारठून आखडली, म्हणून वाकता येत नाही, बाकी काही नाही. काळजीचं तर काही कारणच नव्हतं. एखाद्याचा स्वभावच घाबरट असतो, माझा तसा नाही हे तुम्ही जाणताच.

परत आल्यापासून ती तो हिरवा झुला घडी करून उशीशी ठेवते. अंगणातही टांगला असता, पण तूर्त वकिलांसमोर खांबाचा विषय काढता येत नाही. ऑपरेशनला आठ दिवस आहेत. तिची तब्येत जशी होती तशीच आहे, पण चिडचिड थांबली आहे आणि कालपासून ती मला पुन्हा टोमणे मारायला लागली आहे, म्हणून घर घरासारखं वाटतंय.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्या, लिफ्टला माफ करा आणि माझं अक्षर लावताना डोळ्यांना फार त्रास करून घेऊ नका.

तुमचा,
बहिणीला तुमच्याकडून घेऊन आलेला आणि अजून नीट सांभाळून असलेला,
मेहुणा

ता. क. : मागच्या खेपेला फोनवर मी तुम्हाला 'चोवीसला यायची काही गरज नाही, मी एकटा समर्थ आहे' असं ठणकावून सांगितलं होतं. ते मागे घेतो. या. माझ्यासाठी नव्हे. मला कशाला हवी सोबत? पण तिला आत नेताना तुम्ही दिसलात तर तिला बरं वाटेल. हे मी सुचवलं असं तिला कळू देऊ नका, तुम्हाला आपणहून वाटलं म्हणून आलात असं सांगा. एक दिवस आधी आलात तर फार बरं होईल.

आणखी एक ता. क. : पत्र पूर्ण झालं की पाकीट मी स्वतः चिकटवणार आहे. पत्ता तेवढा तिच्या हातून लिहून घेतो, माझ्या अक्षरातली पत्रं परत येतात. तेव्हा वरचा मजकूर तुमच्या-माझ्यातच.

दादा,

मी. पाकीट चहाच्या वाफेवर दोन मिनिटांत सुटलं. यांच्या गोंदाचं काम यांच्या दोराइतकं पक्कं नाही.

सगळं खरं लिहिलंय, खांबाचंसुद्धा. शेवट सोडून. यांचा झुला शेजारी टांगला होता, पण त्यात रात्रभर आमची पिशवी झोपली होती. हे माझ्या खाली होते. ओल्या गवतावर, एक चादर टाकून. पहाटे कूस वळताना पाठीखाली काहीतरी टेकल्यासारखं वाटलं. कडेवरून डोकावून पाहिलं, तर यांचा हात. झोपेतच होते, तोंड उघडं. कोपर बुटावर टेकवलेलं आणि तळवा वर, माझ्या पाठीखाली. खालच्या रजईला लागेल न लागेल असा. मी हलले नाही, तशीच परत झोपले. मी सात तास झोपले असं हे तुला सांगतात, त्यातला शेवटचा दीड तास त्या हातावर. मला हे कळलंय, हे त्यांना माहीत नाही आणि तूही सांगू नकोस.

तू ये. माझ्यासाठी नको, मी तर गुंगीत असेन. चार तास लागतील म्हणतात. ते चार तास यांना हात कुठे लावता येणार नाही. तेव्हा घरात काय काय बिघडलेलं असेल, घड्याळ, रेडिओ, छत्री, वहिनीचा तो पंखा, ते सगळं पिशवीत भरून आण, आणि माझं दार बंद झालं की एकेक यांच्या हातात देत राहा.